होमस्कूलिंग आणि कलम १०: थोडी पार्श्वभूमी

आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हटलं की मुंबईत बहुतेकांना खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा, लॉटरी आणि कागदपत्रांची पडताळणी एवढंच आठवतं. ते सगळं बाजूला ठेवूया. मुलांना घरी शिकवणाऱ्या आईबापांची डोकेदुखी त्याच कायद्यातल्या कलम १० मध्ये आहे, आणि ते कलम आहे फक्त एका वाक्याचं. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य, संपलं. दाखल केलं नाही तर काय, दंड किती, नोटीस कोण काढणार, यातलं काहीही तिथे नाही. आणि घरीच नीट शिकवत असू तर चालेल का, हेही नाही. गेली पंधराएक वर्षं जो गोंधळ चाललाय तो या न लिहिलेल्या दोन गोष्टींचा आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. सक्ती ही आपल्याकडे वरून लादलेली गोष्ट नव्हती, खालून मागितलेली होती, हे होमस्कूलिंगवाले फार सोयीस्करपणे विसरतात. १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे पुण्यातून महात्मा फुल्यांचं जे निवेदन गेलं, त्यात किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. कारण घरी शिकणं तेव्हाही होतंच की, पण कोणाच्या घरी? ज्यांच्या घरात पोथी आणि पंतोजी दोन्ही होते त्यांच्या. मग केंद्रीय कायदेमंडळात सक्तीचं विधेयक आलं, ते १९१२ ला पडलं. कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये सक्तीचा निर्णय घेतला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्या काळातला रुपया! १९१८ ला मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्ती लागू करायची मुभा देणारा कायदा झाला. मुंबई शहरात प्रत्यक्ष सक्ती आली ती १९२५ च्या सुमारास, तीही आधी एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या गिरणी पट्ट्यात. तिथे प्रश्न होता कामाला जाणाऱ्या पोरांचा.

आता यातली मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारी गोष्ट. जुन्या सक्तीच्या कायद्यांत पालकाला दंड असायचा, पण सुटायची वाटही ठेवलेली असायची. दिल्लीचा १९६० चा प्राथमिक शिक्षण कायदा बघा, मूल शाळेत न पाठवण्याच्या वाजवी कारणांची यादी दिली आहे, त्यात मूल दुसऱ्या एखाद्या पद्धतीने शिकत असेल आणि सरकारला किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याला ते समाधानकारक वाटत असेल, तर तेही कारण चालायचं. म्हणजे काय, तर अधिकारी येणार, बघणार, ठीक आहे म्हणणार, विषय संपला. जबाबदारी पालकाची आणि तपासणी सरकारची, इतकं सरळ गणित होतं. २००९ च्या कायद्यात दंड गेला, ही चांगली गोष्ट झाली, पण दंडाबरोबर ती वाटही गेली, आणि ती काढायचा कोणी विचार करून निर्णय घेतला असं काही दिसत नाही, ती नुसतीच राहून गेली असं माझं मत.

बरं, घटनेतली भाषा अशी नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१अ आलं, त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण राज्य देईल असं म्हटलंय. त्याच दुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत पालकांसाठी एक कर्तव्य घातलं, ते काय, तर मुलाला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणं. शिक्षणाची संधी. शाळा हा शब्दच तिथे नाही. सात वर्षांनी कायदा करताना त्या संधीची झाली शाळेत दाखल करणं, आणि शाळा म्हणजे कोणती हेही कायद्याने ठरवून टाकलं, सरकारी, अनुदानित, विशेष प्रवर्गातली (केंद्रीय विद्यालयासारखी) आणि मान्यताप्राप्त विनाअनुदानित. घर यात कुठेच बसत नाही. कलम १८ तर मान्यतेशिवाय शाळा चालवायला मनाई करतं, एक लाखापर्यंत दंड आणि नंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. तीन घरांनी मिळून कांदिवलीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये पाच मुलं रोज एकत्र बसवली तर ती शाळा होते का? यावर प्रत्येक वकील वेगळं सांगतो, फी मात्र सगळे सारखीच घेतात.

सक्ती या शब्दाचंही तसंच. लोकांना वाटतं सक्ती पालकांवर आहे. कायद्याच्या कलम ८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ स्पष्ट दिलाय आणि तो सरकारवरचं बंधन असा आहे, म्हणजे मोफत शिक्षण द्यायचं आणि प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री सरकारने करायची. पालकासाठी फक्त ते एका ओळीचं कलम १०. तरीही साध्या क्लार्कपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे पालकालाच विचारतात, मुलीला शाळेत का घातलं नाही, कायदा माहीत नाही का तुम्हाला. काकूंनी कायदा वाचलेला नसतो हे समजू शकतो, पण टेबलामागच्या माणसाने तरी वाचावा की नाही?

आता मुख्य भानगड. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर दिल्लीतल्या घरी शिकणाऱ्या एका मुलीने थेट उच्च न्यायालयात धाव घेतली, म्हणणं असं की या कायद्याने माझा शिकायचा मार्गच बेकायदा ठरतोय. २०१२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने प्रतिज्ञापत्र दिलं, त्याचा सारांश असा की जे पालक स्वखुशीने होमस्कूलिंग किंवा असा वेगळा मार्ग निवडतात त्यांनी तो चालू ठेवावा, कायदा त्यांच्या आड येत नाही. देशभरातल्या घरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पेपरात आलं, लोकांनी त्याच्या प्रिंट काढून फायलीत लावल्या. आणि मग खात्याने भूमिका फिरवली, मुलं शाळेतच असायला हवीत अशी. प्रकरण पुढे ठोस निकाल न लागताच संपलं. म्हणजे सरकारने एकाच प्रश्नाला हो पण म्हणून झालं आणि नाही पण, आणि कोर्टाने दोन्हीवर काही ठरवलं नाही. त्या पहिल्या प्रतिज्ञापत्राच्या प्रिंट अजून फायलीत आहेत, काही लोक आजही त्या वॉर्ड ऑफिसात दाखवतात, समोरच्याला पुढचा भाग माहीत नसतो म्हणून चालून जातं.

सरकारची बाजूही नीट मांडायला हवी. त्यांची भीती खोटी नव्हती. होमस्कूलिंगला सरसकट हो म्हटलं असतं तर उद्या जरीचं काम करणाऱ्या पोराचा मालकही म्हणाला असता की हा घरी शिकतो, आणि बारा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावंडांसाठी घरी बसवणारा बापही तेच म्हणाला असता. पण ही भीती दूर करायला तपासणीची सोय करता येते, वर्षातून एकदा मुलाशी बोला, त्याच्या वह्या बघा. ते करायचं सोडून सगळ्यांनाच संशयाच्या यादीत टाकलं गेलं. गंमत म्हणजे त्याच २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरून शिकण्याचा पर्याय दिला गेला, मदरसे आणि वैदिक पाठशाळा कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे अपवाद लिहिता येत होता. फक्त आमच्यासाठी कोणी लिहिला नाही, आमची मतं तरी किती म्हणा.

यात मधल्या मधे टिकून राहिलं ते एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, लोक साधं ओपन बोर्ड म्हणतात ते. १९७९ ला केंद्रीय बोर्डाचा (सीबीएसई) एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, १९८९ ला स्वतंत्र संस्था झाली. चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, एक विषय आत्ता एक नंतर असंही चालतं. पोहणारी, बुद्धिबळ खेळणारी, कथ्थक करणारी मुंबईतली कितीतरी मुलं याच दाराने दहावी झाली, आणि ज्यांना परवडतं ते केंब्रिजची परीक्षा प्रायव्हेट कॅन्डिडेट म्हणून देतात. चौदाच्या खालच्यांसाठी तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष अ, ब, क असे स्तर आहेत, पण आरटीई आल्यावर हे स्तर या वयाच्या मुलांसाठी चालू राहणार का बंद होणार अशी टांगती तलवार काही वर्षं होती. आपल्या राज्य बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच, पण त्यासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात, हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल शाळेत गेलंच नाही त्याने शाळा सोडल्याचा दाखला आणायचा कुठून?

हा दाखला मुंबईत जागोजागी आडवा येतो. लोकलच्या विद्यार्थी पासाचा कन्सेशन फॉर्म शाळेकडून. जातीच्या दाखल्याला शाळेचा दाखला. सरकारी स्कॉलरशिपची परीक्षा शाळेतर्फेच. पोरगा कितीही चांगली बॅटिंग करो, गाइल्स किंवा हॅरिस शिल्ड खेळायची तर शाळा हवीच. एका ओळखीच्या घरात आईने मुलीच्या नावाने जाड फाइल केलीय, आत वाचलेल्या पुस्तकांची यादी, राणीच्या बागेत काढलेली झाडांची चित्रं, गणिताच्या वह्या तारखेनिशी, म्युझियमची तिकिटं सुद्धा चिकटवलेली. कोणी विचारलं तर दाखवायला. आजवर कोणीही ती उघडून बघितलेली नाही, सगळ्यांनी विचारलं ते फक्त शाळेचं नाव, फॉर्मवरचा तो रकाना रिकामा ठेवला की ऑनलाइन अर्ज पुढे जात नाही.

महाराष्ट्रात पुढे ४ जुलै २०१५ ला शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं, मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावत होते. सिग्नलवरच्या, स्टेशनवरच्या मुलांसाठी होतं ते आणि हवंच होतं. पण त्या व्याख्येने पवईच्या टॉवरमध्ये बापाबरोबर रोबोट बनवणारी पोरगी पण शाळाबाह्यच, वेगळा रकाना नव्हताच. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, सातवीनंतर शाळा सोडलेली मुंबईची एक मुलगी इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडच्या (शालेय मुलांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा) तीन पदकांच्या जोरावर अमेरिकेत एमआयटीत पोचली, आणि बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून इथे आयआयटीचं दार मात्र बंद होतं. तेव्हा पेपरांनी तिला डोक्यावर घेतलं. तशी मुलगी लाखात एक असते हे कोणी लिहिलं नाही, त्यामुळे मग प्रत्येक होमस्कूलिंगवाल्या आईला, तुमचा कधी जाणार अमेरिकेला, हे ऐकावं लागलं.

२०१७-१८ च्या सुमारास राज्याने स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ काढलं, पाचवी आणि आठवीची परीक्षा बाहेरून देण्याची सोय केली. त्यावरही ओरड झाली की यामुळे मुलं शाळेबाहेर ढकलली जातील, आणि ती ओरड अगदीच चुकीची नव्हती. नंतर करोना. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले डिसेंबर २०२१ मध्ये. एवढा काळ सगळं शहर घरीच शिकत होतं, पण शाळेच्या पटावर नाव असल्यामुळे कोणी शाळाबाह्य नव्हतं. त्यानंतर बऱ्याच घरांनी मुलांना परत पाठवलंच नाही, नवीन होमस्कूलिंगवाले जास्त करून तेव्हाचे.

आणि पटावरच्या नावाचा विषय निघालाच आहे तर इंटिग्रेटेड कॉलेजांचं काय? मुंबईत अकरावी-बारावी सायन्सची पोरं दिवसभर कोचिंगला आणि हजेरी कॉलेजात, हे सगळ्यांना माहीत आहे, २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला तो यावरच. केंद्रीय बोर्डाने २०२४ मध्ये डमी विद्यार्थ्यांवरून बऱ्याच शाळांची संलग्नता काढली. म्हणजे नाव शाळेत आणि मूल भलतीकडे, हे वर्षानुवर्षं खपलं. ज्याने मोकळेपणी सांगितलं की मूल माझ्याकडे आहे, मी शिकवतोय, जबाबदारी माझी, त्याला मात्र फॉर्म मिळत नाही. साहजिकच काही घरं आता एखाद्या ओळखीच्या छोट्या शाळेत फी भरून नाव लावून ठेवतात आणि दाखल्याची चिंता मिटवतात, मला हे पटत नाही पण दोष तरी कोणाला देणार.

मोठ्या मुलांचं त्यामानाने बरं चाललंय. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला ओपन बोर्डवाल्यांना बसू द्यायचं का यावर मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमापासून वाद होता, २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो विषय मिटला, मान्यताप्राप्त ओपन बोर्डाची मुलं आता बसू शकतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही ओपन बोर्डाच्या अ, ब, क स्तरांचा उल्लेख आहे, होमस्कूलिंगचा सरळ निर्णय मात्र त्यातही नाही. आता प्रत्येक विद्यार्थ्याला अपार आयडी, म्हणजे देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक, देणं सुरू आहे, आणि तो काढायचा शाळेमार्फत.