आपल्याच रक्ताची चोरी पकडायची कशी?

तीन आठवडे रोज दीड-दोनशे किलोमीटर सायकल हाणली की रक्त पातळ व्हायला हवं. शरीर रक्तातला द्रव वाढवतं आणि हिमोग्लोबिनचं प्रमाण उतरतं. म्हणून टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या शेवटच्या आठवड्यातही एखाद्याचं हिमोग्लोबिन पहिल्या दिवसाइतकंच दिसलं, की डोपिंग, म्हणजे कामगिरी वाढवण्यासाठी केलेली लबाडी, तपासणाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते.

तांबड्या पेशी जास्त, तर स्नायूंना ऑक्सिजन जास्त. १९९० च्या दशकात त्यासाठी ईपीओ टोचलं जायचं. मूत्रपिंडात तयार होणाऱ्या आणि तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाची ही कृत्रिम आवृत्ती मुळात रुग्णांसाठी बनवलेली. ती ओळखणारी चाचणीच नव्हती, म्हणून जागतिक सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये फक्त एक रेघ आखली: रक्तात पेशींचा वाटा ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ही रेघ मला अन्यायाचीच वाटते. ज्याचा वाटा मुळातच ४२ टक्के, त्याला आठ टक्के वाढवायची जणू मुभाच, आणि ज्याचा जन्मजात ४९, तो कायम धास्तीत.

२००० मध्ये लघवीतलं कृत्रिम ईपीओ ओळखता येऊ लागलं. मग जुनी युक्ती परतली. स्वतःचं रक्त काढायचं, थंड ठेवायचं, शर्यतीच्या तोंडावर परत चढवायचं. २००६ मध्ये माद्रिदमध्ये पोलिसांनी खेळाडूंचं रक्त असं साठवून देणाऱ्या डॉ. युफेमियानो फुएन्तेस यांच्याशी संबंधित ठिकाणांवर छापे घातले, तेव्हा रक्ताच्या सुमारे २०० पिशव्या सापडल्या. यात शोधायचं तरी काय? औषध नाही, परक्याच्या पेशीही नाहीत.

पण तांबड्या पेशी जिथे बनतात त्या अस्थिमज्जेला फसवता येत नाही, आणि या विषयातला मला सर्वात सुंदर वाटणारा भाग तो हाच. पिशवीतलं रक्त आत आलं की शरीराला पेशी पुरेशा वाटतात, मज्जा हात आखडता घेते आणि रक्तातल्या कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, घटतात. हिमोग्लोबिन चढलेलं, कोवळ्या पेशी मात्र कमी, ही जोडी संशयाची. ती एका आकड्यात मांडतात: लिटरमागे हिमोग्लोबिनचे ग्रॅम, त्यातून कोवळ्या पेशींच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा. हिमोग्लोबिन १५० आणि कोवळ्या पेशी १ टक्का, तर उत्तर ९०. तेच १६० आणि ०.४९ टक्के झालं, तर उत्तर थेट ११८.

२००८ पासूनचा ‘जैविक पासपोर्ट’ असे आकडे वर्षानुवर्षं नोंदवतो. तुलना इतरांशी नाही, त्या खेळाडूच्याच आधीच्या नोंदींशी. त्यावरही लबाडांनी उपाय काढला: ईपीओचे अगदी छोटे डोस, म्हणजे मज्जा मंदावत नाही आणि आलेख सपाट राहतो.

उलट, आलेख हलला म्हणजे चोरी झालीच असंही नाही. उंचावरची विरळ हवा, शरीरातलं पाणी कमी होणं, आजारपण, सगळ्यांनी आकडे हलतात. कोलंबियाच्या डोंगराळ भागात वाढलेल्या सायकलपटू सर्जिओ एनाओची नोंद संशयास्पद ठरली, त्याला शर्यतींपासून दूर राहावं लागलं, आणि २०१६ मध्ये ते प्रकरण कारवाईविना बंद झालं. म्हणूनच फाइल तीन तज्ज्ञांकडे जाते ती नावाशिवाय, आणि तिघांचंही एकमत झाल्याशिवाय आरोप ठेवला जात नाही.