बूट सीडी, एम्युलेशनची

अमिगा, स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो यांसारख्या जुन्या घरगुती संगणकाचा एम्युलेटर, म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, पीसी सुरू होताच आपोआप चालू करणारी, वापरणाऱ्याने स्वतः जुळवलेली सीडी. लिनक्सचा आटोपशीर गाभा, एम्युलेटर, जुन्या यंत्राची रॉम प्रतिमा (त्याच्या चिपमधल्या कायम प्रोग्रॅमची प्रत) आणि डिस्क प्रतिमा (एका फाइलमधली अख्ख्या डिस्कची प्रत) हे सारे तिच्यावरच असते. पीसीच्या हार्ड डिस्कवर काही लिहावे लागत नाही.

सीडीवरून सुरू होणारी पहिली प्रणाली कोणती, याविषयी मतभेद आहेत. लिनक्सचा इतिहास लिहिणारे बहुधा यग्ड्रासिल या लिनक्स संचाला (१९९२) हा मान देतात. ही प्रणाली सीडीवरून चालत असे हे खरे. पण सुरुवात फ्लॉपीनेच करावी लागे. फुजित्सूचा एफएम टाउन्स हा संगणक (१९८९) मात्र थेट सीडीवरून सुरू होई. त्यामुळे टाउन्सचा दावा अधिक भक्कम वाटतो, जरी तो एकाच कंपनीच्या यंत्रापुरता असला तरी. सर्वसामान्य पीसीला ही वाट मोकळी झाली ती फिनिक्स व आयबीएम यांनी जानेवारी १९९५ मध्ये मांडलेल्या, सीडीवरून संगणक कसा सुरू करावा हे ठरवणाऱ्या ‘एल टोरिटो’ मानकामुळे. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील एका मेक्सिकन उपाहारगृहावरून हे नाव पडले, असे सांगतात. बाजारातील मदरबोर्डांवर ही सोय सरसकट दिसू लागायला आणखी काही वर्षे गेली असावीत. यूएई हा बर्न्ड श्मिट यांचा अमिगा एम्युलेटरही १९९५ चाच. लिनक्सच्या गाभ्यावर बसवलेली आणि सीडीवरून सुरू होणारी अमिथलॉन ही प्रणाली २००१ ची. तिचे कर्ते बर्न्ड मायर. हे बर्न्ड वेगळे. अमिथलॉन अमिगाच्या खास चिप्सचे अनुकरण करत नसे. त्यामुळे त्या चिप्सवर थेट हुकूम चालवणारे बहुतेक खेळ तिच्यावर चालत नसत, आणि खेळांसाठीच सीडी करणारे यूएईकडेच राहिले.

आयएसओ ९६६० या सीडीवरील फायलींच्या मांडणीच्या मानकानुसार सीडीचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे कप्पे, २,०४८ बाइटांचे असतात. ० ते १५ हे सेक्टर राखीव, १६ व्यात मुख्य वर्णन व १७ व्यात बूट नोंद. ही नोंद बूट कॅटलॉगचा पत्ता देते. कॅटलॉगची पहिली ३२ बाइटांची नोंद पडताळणीची : तिच्यातील सर्व शब्दांची, म्हणजे १६ बिटांच्या आकड्यांची, बेरीज शून्य यावी लागते आणि शेवटी षोडशमान (१६ च्या पायावरील) ५५ व एए हे बाइट असावे लागतात. पुढच्या नोंदीत पद्धत ठरते. १.२, १.४४ किंवा २.८८ मेगाबाइटची फ्लॉपी असल्याचे भासवणे, हार्ड डिस्क भासवणे, किंवा काहीच न भासवणे. फ्लॉपीच्या पद्धतीत सीडीवरील प्रतिमा ‘ए’ ड्राइव्ह होते आणि खरी फ्लॉपी ‘बी’वर सरकते. म्हणजे अमिगाची नक्कल सुरू होण्याआधीच बायोसने, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅमने, एक नक्कल उरकलेली असते. डॉसवर आधारलेल्या सीडींना हे सोयीचे पडले. लिनक्ससाठी काहीच न भासवणारी पद्धत आणि आयसोलिनक्स हा लिनक्सचा गाभा सीडीवरून मेमरीत चढवणारा लोडर हीच जोडी चांगली. तीत बायोसला सुरुवातीला ५१२ बाइटांचे ४ आभासी सेक्टर वाचायला सांगण्याची प्रथा आहे. ४ च्या पटीत नसलेल्या संख्येवर काही बायोस अडखळतात.

अमिगाच्या फायली सीडीवर सुट्या ठेवू नयेत. आयएसओ ९६६० ची पहिली पातळी फक्त ८ अधिक ३ अक्षरांची (नाव आणि प्रकार) कॅपिटल अक्षरांतील नावे मानते, शिवाय फाइल वाचता, लिहिता वा पुसता येईल का हे सांगणारे अमिगाचे संरक्षण बिट हरवतात. म्हणून सारी डिस्क एका हार्डफाइलमध्ये, म्हणजे एम्युलेटरला हार्ड डिस्क वाटणाऱ्या एकाच फाइलमध्ये, बांधतात. ७०० मेगाबाइटमध्ये जागा पुरवण्यासाठी नॉपिक्स या सीडीवरून चालणाऱ्या लिनक्सप्रमाणे संकुचित फाइल प्रणाली वापरली जाते. खेळातली प्रगती जपायची तर पेन ड्राइव्ह लागतोच, कारण सीडीवर परत लिहिता येत नाही आणि यंत्र बंद होताच रॅममधले सारे जाते.

रॉम हा कायद्याचा प्रश्न. अमिगाच्या किकस्टार्ट १.३ या रॉमची प्रतिमा २५६ किलोबाइटची असली, तरी ती संगणक प्रोग्रॅम म्हणून प्रताधिकाराखाली येते. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ प्रोग्रॅम कायदेशीरपणे जवळ असणाऱ्यास संरक्षक प्रत करू देते. अशी सीडी इतरांना वाटणे त्यात बसत नाही. क्लोआंटो या कंपनीच्या ‘अमिगा फॉरएव्हर’ संचात परवाना घेतलेले रॉम मिळतात.

नाशिकपुरते पाहायचे तर : अमिगा भारतात फारसा आलाच नाही. शाळांमधून संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे (१९८४–८५) आला तो बीबीसी मायक्रो. त्यामुळे इथल्या हौशी माणसाला अमिगा बहुधा एम्युलेटरमधूनच भेटतो. २००० नंतरच्या दशकातील भारनियमनात अशा सीडीचा एक फायदा लक्षात येण्याजोगा होता. मध्येच वीज गेली तरी न लिहिल्या जाणाऱ्या माध्यमावरील फाइल प्रणाली बिघडत नसे. एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र शेजारी असूनही शहराला हे भारनियमन चुकले नव्हते. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने हटवला. त्यामुळे जुने सीडी ड्राइव्ह आता दुरुस्तीच्या दुकानांतल्या खोक्यांत शोधावे लागतात. हल्ली हीच आयएसओ प्रतिमा (एका फाइलमधली अख्खी सीडी) पेन ड्राइव्हवरही टाकतात. मात्र त्यासाठी ती सीडी व डिस्क दोन्ही म्हणून सुरू होईल अशी संकरित स्वरूपाची बनवावी लागते, आणि यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था) असलेल्या यंत्रांसाठी बूट कॅटलॉगमध्ये षोडशमान ईएफ या क्रमांकाची वेगळी नोंद द्यावी लागते.