गुठळी हवी, पण फुग्याच्या आतच

‘मेंदूतला फुगा बंद, बिनटाक्याचा आणि बिनधोक्याचा’ अशा थाटाच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर फिरतात. त्यातलं बिनटाक्याचं खरं आहे. बिनधोक्याचं मात्र नाही.

मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की सायकलच्या ट्यूबसारखा तिला फुगा येतो. हाच ॲन्युरिझम. साधारण ३ टक्के प्रौढांमध्ये तो असतो आणि बहुतेकांना त्याचा कधी पत्ताही लागत नाही. फुटला तर मात्र जिवावर बेततं. पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावत. इटालियन डॉक्टर ग्विदो गुग्लिएल्मी यांनी १९९० साली लॉस एंजेलिसमध्ये वेगळी वाट काढली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि प्लॅटिनमच्या नाजूक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, फुग्यात सोडायचं. ते नीट बसलं की किंचित वीजप्रवाह द्यायचा. मागचा पोलादी सांधा विरघळतो आणि वेटोळं आत राहतं. काय डोकं आहे!

पण फुगा नुसत्या तारेने भरत नाही. वेटोळ्यांमध्ये रक्त रेंगाळतं, गोठतं आणि त्या गुठळीने फुगा बुजतो. म्हणजे उपचारालाच गुठळी हवी असते. तीच फुग्याच्या तोंडातून मुख्य धमनीत सरकली, तर पुढची फांदी तुंबते आणि पक्षाघात होतो.

धातूला रक्त लागताच त्यावर फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं चिकटतात, त्यांना प्लेटलेट्स बिलगतात. बिलगलेल्या प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी ही रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. ही साखळी तोडायला दोन गोळ्या आहेत. ॲस्पिरिन पहिलं रसायन तयारच होऊ देत नाही. दुसरं रसायन प्लेटलेटवर ज्या जागी चिकटतं, ती जागा क्लोपिडोग्रेल अडवतं. पण ते यकृतातल्या सीवायपी२सी१९ या विकराने (एन्झाइमने) बदलल्याशिवाय काम करत नाही. या विकराचा मंद जनुकीय प्रकार भारतीयांमध्ये युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. अशांना गोळी रोज घेऊनही पुरेसं संरक्षण मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी आधी रक्ताची चाचणी करून औषध बदलतात.

धोका गुठळीचाच असतो असंही नाही. वयस्कर माणसाच्या महाधमनीतला चरबीचा थर नळीच्या घासण्याने सुटू शकतो. नळीत सतत सोडल्या जाणाऱ्या सलाइनमधला हवेचा बुडबुडाही पुरतो. नंतर एमआरआय केला तर बऱ्याच रुग्णांत अशा बारीक अडथळ्यांचे टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसतात. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही.

याचा अर्थ क्लिपच बरी असा नाही. कॉइल आणि क्लिप यांची तुलना करणाऱ्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आयसॅट चाचणीत फुटलेल्या ॲन्युरिझमचे २,१४३ रुग्ण होते. वर्षभरात मृत्यू किंवा परावलंबित्व वाट्याला आलेले कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के होते, क्लिपच्या गटात ३१.

रुंद तोंडाच्या फुग्यासाठी वापरतात त्या फ्लो डायव्हर्टरची जाळी तर मुख्य धमनीतच राहते. तिच्यावर पेशींचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर दोन्ही गोळ्या लागतात. ‘लसूण खा, रक्त आपोआप पातळ होतं’ म्हणणाऱ्या मेसेजवर विसंबून त्या सोडणं म्हणजे पक्षाघाताला आमंत्रण. दात काढायचा असला तरी आधी जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.