शंभर हेक्टरच्या आतली धरणे

मृग जवळ आला की गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या धरणाची चौकशी सुरू होते. पाळीवरची (धरणाच्या मातीच्या भिंतीवरची) झाडे कोण काढणार, गेटची चावी कोणाकडे, सांडव्यापुढची (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेपुढची) नाली कोणाच्या शेतातून जाते? विदर्भात यातल्या बहुतेक प्रश्नांचा निकाल एकाच आकड्यावर लागतो: त्या धरणाखाली कागदोपत्री किती हेक्टर भिजते. हा आकडा इतका वजनदार कसा झाला, ते सांगण्यासाठी ही टिपण.

जुना भाग थोडक्यात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व पट्टा मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधेल त्याला त्याखालची भिजणारी जमीन मिळे, असे सांगतात. बांधणारे मुख्यतः कोहळी समाजाचे, आणि नवेगावबांधचा तलाव त्यांच्याच हातचा. ब्रिटिश अमलात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सरकारने स्वतः रामटेक, आसोलामेंढा अशी मोठी कामे हाती घेतली. वऱ्हाडात रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत) असल्याने तिथे ही तलावांची माळ नाही. तिथली छोटी धरणे आणि पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवणारे) बरेचसे १९७२ च्या दुष्काळानंतरचे, दुष्काळी कामातून आणि पुढे रोजगार हमीतून झालेले.

मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा, अंमल १९५१ पासून. तलाव सरकारजमा झाले. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींत गावाचे पाण्याचे हक्क शिल्लक राहिले, पण उन्हाळ्यात पाळीवर माती टाकून घेणारी व्यवस्था मालगुजाराबरोबर गेली. त्या काळाचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही, कारण त्यात वेठही होती. तरी पाळ खचली तर कोणाच्या दारी जायचे, हे तेव्हा गावाला ठाऊक होते.

पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि कामांची वाटणी झाली. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारा तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचा राज्याकडे, ही वाटणी पुढे रूढ झाली. राज्यातही कोणत्या खात्याकडे किती, याची वरची रेघ आधी २५० हेक्टरवर होती, ती नंतर ६०० वर गेली. खालची १०० ची रेघ मात्र जागची हलली नाही.

ही रेघ हेक्टरवर का ओढली, याचे उत्तर अवघड नाही. सिंचन खात्याचा सगळा हिशेब क्षेत्रावर चालतो: खर्चाची मंजुरी दर हेक्टरी, पाणीपट्टी दर हेक्टरी, उद्दिष्टही हेक्टरमध्येच. लहान काम स्थानिक संस्थेने पाहावे, हे तत्त्वही चुकीचे म्हणता येणार नाही. गावाच्या तलावासाठी मुंबईची मंजुरी कशाला, हा युक्तिवाद तेव्हाही केला गेला असणार आणि आजही तो पटतो.

पण भिजणाऱ्या हेक्टरांवरून पाळीची उंची कळत नाही. पाळ फुटली तर पाणी कोणाच्या घरात शिरेल, हेही कळत नाही. गोंदियाकडचा एखादा पसरट तलाव घ्या. पाळ जेमतेम चार मीटर, पण लाभक्षेत्र १५० हेक्टर, म्हणून तो राज्याकडे. यवतमाळच्या डोंगराळ भागात नाल्यावर बारा मीटर उंच पाळ, खाली अरुंद खोरे, लाभक्षेत्र ९० हेक्टर, आणि नाल्याच्या वळणावर वस्ती. हे धरण जिल्हा परिषदेकडे, जिथे एका उपअभियंत्याच्या वाट्याला पूर्ण तालुक्याचे तलाव, बंधारे आणि दुरुस्त्या येतात. पाझर तलावात गोंधळ आणखी वाढतो. त्याला गेट नाही, पाट नाही. त्याचे हेक्टर म्हणजे खालच्या विहिरींना होणाऱ्या फायद्यावरून मांडलेला अंदाज, आणि त्या अंदाजावर त्याचा मालक ठरतो. माझ्या मते या विषयातला मूळ घोटाळा इथेच आहे. निधीची ओरड नंतरची.

रेघेच्या आतल्या बहुतेक तलावांवर कायमचा चौकीदार नाही. जुन्या मालगुजारी तलावांची पाळ जवळ मिळेल त्या मातीची, एकसारखी भरलेली. पोटात चिकणमातीचा गाभा, वर मुरमाचे आवरण आणि पायथ्याशी निचऱ्याचा दगड, ही रचना नंतरच्या धरणांची. जुन्या पाळीचे संकल्पचित्र मिळत नाही, कारण ते कधी काढलेच नव्हते. सांडवा किती पुरासाठी ठेवला, याचा हिशेबही नसतो. दीडदोनशे वर्षे टिकली, एवढाच तिच्या बाजूचा पुरावा, आणि तो कमी दर्जाचा मानायचे कारण नाही.

सांडव्याची गोष्ट मात्र अलीकडची आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर सरताना धान निसवत असतो. एक पाणी कमी पडले तर लोंबी पोचट राहते आणि हस्ताचा भरवसा नसतो. मग सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून सांडव्याच्या माथ्यावर दोन थर लावले जातात, सांधे चिखलाने बुजवतात, वर पळसाच्या फांद्या. फूटभर पाणी जास्त थांबते आणि धान निघतो. पण समजा सांडवा असा आखला आहे की पुरात त्यावरून एक मीटर जाडीचे पाणी जावे. पोत्यांनी त्यातले ३० सेंटिमीटर अडवले, तर तलावाच्या त्याच पातळीला सांडव्यावरून जाणारे पाणी सुमारे ४० टक्क्यांनी घटते. उरलेले पाणी तलावात चढते आणि माथ्याच्या दिशेने सरकते. दगडी बांधावरून पाणी गेले तर बांध टिकण्याची शक्यता असते. मातीच्या पाळीवरून ते वाहू लागले की उताराची माती आधी जाते आणि मग पाळच कापली जाते.

उलट प्रकारही आहे. तलावाच्या पोटात गाळपेर करणारे (पाणी ओसरलेल्या गाळात पीक घेणारे), किंवा गाळपेराच्या नावाखाली कायमचे बसलेले, सांडवा रात्रीतून फोडून पातळी उतरवतात. त्याची ओरड जास्त होते, कारण नुकसान दुसऱ्याच दिवशी दिसते. पोती लावणाऱ्यांना कोणी बोलत नाही. ते सगळ्यांसाठी पाणी राखत असतात. मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेलाही पाणी खोल राहिलेले हवे असते, त्यामुळे पोत्यांच्या बाजूने आणखी एक मत पडते. गावासाठी या दोनपैकी जास्त धोक्याची पोतीच आहेत.

दुसरा धोका पाझराचा. पाळीच्या पायथ्याशी ओल असणे हा आजार नव्हे, मातीची पाळ थोडी झिरपतेच. ते पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहायचे. नितळ असेल तर नोंद ठेवायची, गढूळ असेल तर पाळीच्या पोटातली माती वाहून येत आहे. हे पोखरणे बाहेरून आत, पाण्याच्या दिशेने सरकते, आणि विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या) नळाभोवती ते सर्वात लवकर वाट काढते. पाळीवरची बाभूळ, कडुनिंब तोडले तरी काम संपत नाही. मुळे कुजून मागे पोकळी राहते, म्हणून रोपटे हाताएवढे असतानाच उपटायचे असते. काळ्या मातीच्या पाळीला मे महिन्यात माथ्यावर भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्यात उतरते. घुशी आणि खेकडे यांचाही वाटा असतो. पण २ जुलै २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यात तिवऱ्याचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले. गावाने गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, हे त्या गलक्यात मागे पडले.

२०१७ पासून गाळ काढण्याच्या योजनेने आणखी एक प्रश्न आणला. गाळ शेताला चांगला आणि साठा वाढतो, त्यामुळे विरोध कोण करणार? पण पोकलेन पाळीला लागून खोदते तेव्हा वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर निघतो. गळती रोखणारे नैसर्गिक अस्तर तेच होते. पाळीपासून अंतर सोडून खोदावे, ही सूचना असते. ट्रॅक्टरवाल्याला मात्र जवळचा आणि सुका गाळ आधी हवा असतो.

धरण सुरक्षा कायदा २०२१ चा, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू. त्याने हेक्टर बाजूला ठेवून उंची पाहिली. १५ मीटरहून उंच धरण सरसकट कायद्याखाली येते. १० ते १५ मीटरचे धरणही येते, पण एखादी अट लागू पडली तर: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पुराचा विसर्ग किमान २,००० घनमीटर प्रतिसेकंद, पाया विशेष अवघड किंवा रचना वेगळी. मालगुजारी तलावांपैकी बहुतेकांची पाळ दहा मीटरला पोचत नाही, म्हणून ते बाहेर राहतात. वर सांगितलेल्या यवतमाळसारख्या बारा मीटरच्या पाळीमागे दहा लाख घनमीटर पाणी असेल, तर ती आत येते. मग तिच्या मालकाला, म्हणजे जिल्हा परिषदेला, सुरक्षा कक्ष, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि तज्ज्ञांकडून सविस्तर मूल्यमापन हे सगळे बंधनकारक होते. आराखडा आणि पहिले मूल्यमापन यांच्यासाठी कायद्याने पाच वर्षे दिली. ती मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते.