फिनलंडमध्ये इंग्रजी घरोघरी कशी पोचली

फिनलंडवर इंग्रजांनी कधी राज्य केले नाही. तरीही २०१२च्या युरोबॅरोमीटर या युरोपीय संघाच्या जनमत पाहणीत तिथल्या शंभरातल्या ७० जणांनी ‘आम्हाला इंग्रजीत संभाषण करता येते’ असे सांगितले. त्यात फिनिश ही इंग्रजीच्या कुळातली भाषाही नाही. एस्टोनियन तिची जवळची बहीण, हंगेरियन दूरची नातलग. पंधरा विभक्ती, नामांना लिंग नाही, सर्वनामातसुद्धा ‘तो’ आणि ‘ती’साठी एकच शब्द. अशा भाषेतून इंग्रजीकडे जाणे सोपे नसते.

मुळात फिनिशलाच आपल्या देशात जागा मिळायला वेळ लागला. १८०९पर्यंत स्वीडनची सत्ता आणि पुढे रशियन झारची. पण कचेरी, न्यायालय आणि उच्च शिक्षण स्वीडिशमध्येच चाले. फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा १८५८मध्ये युव्हॅस्क्युला गावी निघाली. १८६३मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा हुकूम काढला. त्या काळी इंग्रजी चित्रात जवळजवळ नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत शाळेतली मुख्य परदेशी भाषा जर्मन होती. जर्मनीच्या पराभवानंतर तिचा मान ओसरला. सोव्हिएत संघ शेजारी असूनही रशियन शाळांत फारशी रुजली नाही, आणि १९६०च्या दशकात इंग्रजी पुढे आली.

खरी कलाटणी शाळांच्या फेररचनेने दिली. तोवर दहा-अकरा वर्षांच्या वयात मुलांची वाटणी होई. काही पुढच्या शिक्षणाच्या शाळेत जात, बाकीची साध्या लोकशाळेत राहत. परदेशी भाषा हा प्रामुख्याने पहिल्या गटाचा हक्क. १९७२ ते १९७७ या काळात, उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून, सर्वांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आली. शेतमजुराच्या मुलालाही आता मातृभाषेखेरीज दोन भाषा शिकणे सक्तीचे झाले: देशाची दुसरी राष्ट्रभाषा (फिनिशभाषक मुलांना स्वीडिश, स्वीडिशभाषकांना फिनिश) आणि एक परदेशी भाषा. हे सगळ्यांना झेपेल का, यावर मोठा वाद झाला. सुरुवातीला भाषा आणि गणितासाठी वेगवेगळ्या पातळीचे वर्ग ठेवले. १९८५मध्ये तेही बंद झाले. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो, कारण शिकवण्याचे माध्यम मात्र फिनिश किंवा स्वीडिशच राहिले. इंग्रजी हा एक विषय होता, आणि तो नीट शिकवला गेला.

बाकीचे काम दूरदर्शन संचाने केले. फिनलंडमध्ये अगदी लहान मुलांचे कार्यक्रम सोडले तर परदेशी कार्यक्रमांना फिनिश आवाज देत नाहीत, खाली सबटायटल येतात. कानावर इंग्रजी, डोळ्यासमोर मातृभाषा. उच्चार मात्र सहजी बदलला नाही. मूळच्या फिनिश शब्दांच्या सुरुवातीला ब, ड, ग येत नाहीत आणि लिहिलेले अक्षर जसेच्या तसे वाचायची सवय असते. म्हणून ‘डेंजरस’चे ‘तांकेरोस’ झाले, आणि त्यावरून अशा बोलण्याला ‘तांकेरो-इंग्रजी’ असे नावच पडले.

हा प्रसार सारखा झाला असे नाही. २००७मध्ये युव्हॅस्क्युला विद्यापीठाने देशभर पाहणी केली, तेव्हा शहरी, तरुण, शिकलेले लोक एकीकडे आणि वयस्क, खेड्यातले लोक दुसरीकडे, अशी दरी दिसली. २०२०पासून पहिली परदेशी भाषा तिसरीऐवजी पहिलीतच सुरू होते. बहुतेक मुलांसाठी ती इंग्रजीच असते. महाराष्ट्रात मराठी शाळांनी पहिलीपासून इंग्रजी २०००मध्येच आणली होती.

आता काळजी उलट दिशेची आहे. डॉक्टरेटचे बहुसंख्य प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. २०२१मध्ये हेलसिंकीचे महापौर युहाना वार्तियाइनेन यांनी राजधानीने स्वतःला इंग्रजीभाषक शहर म्हणवून घ्यावे असे सुचवले, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. आणि बाहेरून येऊन फिनिश शिकू पाहणाऱ्यांची तक्रार असते की त्यांनी अडखळत एक वाक्य जुळवले, की समोरचा सहज इंग्रजीत उत्तर देतो.