वजनकाटा दाराशी आणला तेव्हा

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये ऊसतोडीला गेलेली कुटुंबं बीड जिल्ह्यात परततात आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातले बालरुग्णालयांचे बाक लेकरांनी भरून जातात. अशाच एका दुपारी एक आजी चौदा महिन्यांची नात घेऊन आली. ‘‘तोडीवर होतो साहेब. लेकराचा ताप हटंना.’’ मी छाती तपासली, घसा पाहिला, औषध लिहून दिलं. पोरीचा ताप उतरला आणि मीही ती पोर विसरलो.

जूनमध्ये ती खोकल्यासाठी पुन्हा आली. त्या दिवशी गर्दी कमी होती, म्हणून वजन केलं : ७.६ किलो. आजीच्या पिशवीत, आधार कार्डाच्या मागे माता-बाल संरक्षण कार्ड होतं. त्यावर अंगणवाडीताईंनी सप्टेंबरात केलेली नोंद होती, बरोबर ७ किलोची. नऊ महिन्यांत अवघे सहाशे ग्रॅम! त्या वयात एवढ्या काळात दोन किलोच्या आसपास वजन वाढायला हवं. नवव्या महिन्यात द्यायची गोवर-रुबेलाची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस, दोन्ही रकाने कोरे. कारण नववा महिना लागला तेव्हा पोर फडात होती. एप्रिलमध्येही हे कार्ड त्याच पिशवीत होतं. मी मागितलं नव्हतं.

याची टोचणी मला अजून आहे. लसींचं वेळापत्रक मला पाठ आहे, वाढीचा तक्ता वाचता येतो. ज्ञान कमी नव्हतं, तरीही लेकरू हातून निसटलं. कारण आमच्या दवाखान्याची सगळी रचना तक्रारीभोवती उभी आहे. ताप, जुलाब, खोकला यांना तोंड असतं. ‘माझं रक्त कमी आहे’ अशी तक्रार घेऊन दीड वर्षाचं लेकरू कधीच येत नाही.

रक्ताचंच बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. पूर्ण दिवसांचं बाळ आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती साधारण सहा महिने पुरते. आईच रक्तक्षयी असेल किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर ती त्याआधीच संपते. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करावंच लागतं. आणि तिथंच बाळाच्या हातात चहात बुडवलेलं बिस्कीट येतं. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. नेमक्या याच काळात मेंदू झपाट्यानं वाढत असतो आणि मज्जातंतूंवरचं आवरण तयार व्हायला त्याला लोह हवं असतं. डोळ्यांना फिकटपणा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. या वयाच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप द्यायचं असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. औषध इतकं साधं आहे. पण ते चालू आहे का, हे विचारणारं कुणीतरी हवं.

ते कुणी विचारायचं, यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ४४ दवाखान्यांमध्ये झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यांचे दोन गट पाडले होते. एका गटात डॉक्टरांबरोबर दवाखान्यातली इतर माणसंही बसली, स्वतःचेच केसपेपर तपासले आणि कोणतं काम कुणी, कधी करायचं याची घडी बदलली. लस देणं आणि रक्तक्षय, क्षयरोग व रक्तातलं शिसं यांची तपासणी अशा चारही बाबतींत वयानुरूप काळजी मिळालेल्या मुलांचं प्रमाण तिथं ७ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या गटात ते ९ वरून १० झालं. ३४ म्हणजे काही खूप नव्हे, हे मलाही कळतं. पण तेच डॉक्टर आणि तेच दवाखाने असताना हा फरक पडला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आमचा वजनकाटा माझ्या टेबलाशेजारी होता, म्हणजे वजन करायचं की नाही हे माझ्या घाईवर ठरायचं. आता तो दाराशी, कंपाउंडर मामांच्या खुर्चीजवळ आहे. लेकरू कशासाठीही येवो, आधी काटा. मग मामा कार्ड मागतात, कोरा रकाना दिसला की केसपेपरच्या कोपऱ्यावर लाल गोल करतात आणि लोहाचं सिरप चालू आहे का ते विचारतात. माझ्यापर्यंत कागद येतो तेव्हा वजन लिहिलेलं असतं आणि लाल गोल समोर असतो. तो डावलून तापाचं औषध लिहिणं जमत नाही. महिनाअखेरीस आम्ही वीस केसपेपर डोळे मिटून उचलतो आणि किती कागदांवर वजन लिहायचं राहून गेलं ते मोजतो. पहिल्या महिन्यात मामा माझ्याकडे बघायला तयार नव्हते. चूक त्यांची नव्हती, गर्दीच्या वेळी मीच ‘आधी आत पाठवा’ म्हणून ओरडायचो.

एक समज मात्र खोडून काढायला फार वेळ लागतो : ‘सर्दी आहे, आज सुई नको.’ साधी सर्दी, खोकला, हलका ताप किंवा जुलाब असताना लस देता येते. एखादा डोस चुकला म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलं तिथून पुढे जायचं. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. लस विकत घेणं ज्यांना परवडत नाही त्यांना मी सरकारी दवाखान्यात पाठवतो, तिथं ती मोफत आहे. पण ‘जाऊन या’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. लसीचं नाव आणि वार कार्डावर लिहून द्यावा लागतो.

त्या पोरीला जूनमध्येच गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळाला, जुलैत दुसरा. लोहाचं सिरप सुरू झालं. चहा-बिस्किटाऐवजी डाळीत कुस्करलेली भाकरी, त्यावर लिंबू आणि शेंगदाण्याचं बारीक कूट, हे आजीनं मनावर घेतलं.

दसऱ्याच्या आधी आजी पुन्हा आली, या वेळी तक्रार काहीच नव्हती. ‘‘परवा गाडी निघती साहेब. कार्डावर काय लिहायचं ते लिहून द्या.’’ मामांनी पोरीला काट्यावर बसवलं. ‘अ’ जीवनसत्त्वाचा पुढचा डोस डिसेंबरात होता. मी महिना लिहिला, खाली लिहिलं : ‘जिथे असाल तिथल्या उपकेंद्रात’. मामांनी पोरीच्या बापाच्या मोबाईलवर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून दिले.