गोंगाटी वाहिनीवरील संदेश-प्रमाणीकरण

संदेश ठरलेल्या प्रेषकाकडूनच आला आहे आणि वाटेत कोणी तो बदललेला नाही, हे सामायिक गुप्त किल्लीच्या आधारे पडताळण्याची पद्धत. तिच्या माहिती-सैद्धांतिक प्रकारात शत्रूची संगणनशक्ती अमर्याद धरली तरी फसवणुकीची संभाव्यता ठरलेल्या मर्यादेत राहते. या विषयाचा पाया गिल्बर्ट, मॅकविल्यम्स व स्लोन यांनी १९७४ मध्ये घातला; सिमन्स यांनी १९८४ मध्ये त्याला माहिती-सिद्धांताची बैठक दिली.

साधी रचना अशी : किल्ली म्हणजे ० ते १०० मधील दोन यादृच्छिक संख्या, अ आणि ब. संदेशाला अ ने गुणून ब मिळवायचा आणि १०१ ने भागल्यावर उरलेली बाकी टॅग म्हणून जोडायची. अ = ३७, ब = ५८ असल्यास २० या संदेशाचा टॅग ९१ येतो. तो पाहूनही शत्रूला दुसऱ्या संदेशाचा टॅग १०१ पैकी एकदाच साधेल. एकूण किल्ल्या १०,२०१; फसवणुकीची संभाव्यता किल्ल्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्तापेक्षा कमी करता येत नाही, म्हणजे ही रचना सर्वोत्तम आहे. मात्र त्याच किल्लीने २१ हा संदेश पाठवला, तर टॅग २७ येतो आणि दोन टॅगांच्या वजाबाकीतून अ लगेच उघडा पडतो.

वाहिनीत, म्हणजे संदेश जातो त्या मार्गात, गोंगाट (बिट बदलून टाकणारा व्यत्यय) असला की खरे संदेशही नाकारले जातात. दर बिट चुकण्याची शक्यता १ टक्का असेल, तर १२८ बिटांचा टॅग जसाच्या तसा पोहोचण्याची शक्यता जेमतेम २८ टक्के. पाच चुकांपर्यंत सूट दिली, तर स्वीकारार्ह टॅग सुमारे २७.६ कोटी होतात आणि २८ बिटांची सुरक्षितता जाते. त्यामुळे आधी टॅग काढावा, मग संदेश व टॅग दोन्हींवर मिळून त्रुटी-सुधारक संकेत चढवावा. ग्राहकाने आधी त्रुटी सुधारून मगच पडताळणी करावी. सीआरसीला (अपघाती त्रुटी ओळखण्यासाठी संदेशाला जोडलेल्या तपासणी-संख्येला) टॅग समजणे ही घातक चूक आहे : त्यात गुप्त काहीच नसते, शत्रू संदेश बदलून नवी सीआरसी स्वतःच काढतो.

हाच गोंगाट उपयोगीही पडतो, आणि विषयाचा सर्वांत सुंदर भाग हाच. वायनर यांच्या १९७५ च्या प्रतिमानाप्रमाणे प्रत्येक संदेशासाठी अनेक संकेतशब्द (बिटांच्या ठरलेल्या मालिका) ठेवून त्यांतला एक यादृच्छिकपणे पाठवतात; जास्त गोंगाटात ऐकणाऱ्याला तो कोणत्या संदेशाचा हे ओळखता येत नाही. ग्राहकाची बिट-त्रुटी ०.०१ आणि चोरून ऐकणाऱ्याची ०.१ असेल, तर दर बिटामागे सुमारे ०.३९ बिट गुप्त राखता येतो. लाय, एल गमाल व पूअर यांनी २००९ मध्ये दाखवले, की टॅग असा झाकला तर किल्ली जवळपास फुटत नाही. ती अनेक संदेशांना पुरते, आणि फसवणुकीची संभाव्यता वर्गमुळाऐवजी थेट किल्ल्यांच्या संख्येच्या व्यस्तापर्यंत उतरू शकते.

अडचण गृहीतकाची आहे. शत्रूने जवळ येऊन चांगला अँटेना लावला, तर त्याचा गोंगाट घटतो आणि हे बळ जाते, तेही प्रेषकाच्या नकळत. तशी शंका असेल तेथे वेगमन-कार्टर (१९८१) पद्धत वापरावी : अ कायम ठेवून प्रत्येक संदेशाला नवा ब घ्यावा.